खऱ्या माणसांचं खरं अन्न

१९८७ च्या सुमारास अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात लागायची. जेम्स गार्नर नावाचा नट आणि सिबिल शेफर्ड नावाची नटी, दोघंही तेव्हा घराघरात माहीत असलेली, बीफचं गुणगान करायची. जाहिरातीच्या घोषवाक्याचा अर्थ असा होता : बीफ म्हणजे खऱ्या माणसांसाठी खरं अन्न.

तुम्ही म्हणाल, हा सूतगिरणीतला पोरगा तिसरी पाळी करून आला, आता गुमान झोपायचं सोडून अमेरिकेच्या जुन्या जाहिराती कशाला उगाळतोय? इथं वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, आणि ह्याला टीव्हीवरच्या मटणाची पडलीय.

सांगतो. मला त्या वाक्यातल्या एका शब्दाने धरून ठेवलं. ‘खरा माणूस.’ आपली सगळी लढाई ह्याच एका शब्दासाठी झाली. तळ्याचं पाणी प्यायलो ते तहान लागली म्हणून नव्हे, आम्ही माणसं आहोत हे ठरवायला. आणि तिकडे एक जण पैसे मोजून टीव्हीवर सांगतो की हे मांस खा, म्हणजे तू खरा माणूस. इकडे शेकडो वर्षं आपल्या बापजाद्यांना सांगितलं की हे मांस खातोस म्हणून तू माणूसच नाहीस, गावकुसाबाहेर राहा. जनावर तेच, मांस तेच. एकीकडे ते खाल्लं की माणूस मोठा होतो, एकीकडे ते खाल्लं की माणूस बाटतो. म्हणजे ही करामत मांसात नाही. मग कशात आहे? आणि ज्या पोरांच्या हातात आज चळवळ आहे त्यांनी ह्याच्यातून काय घ्यायचं आणि काय लाथाडायचं? एवढ्याच प्रश्नावर हा लेख आहे.

आधी ती जाहिरात कुणी आणि का केली ते बघू. अमेरिकेत माणशी बीफचा खप १९७६ साली सगळ्यात वर गेला आणि तिथून उतरायला लागला. भाव वाढले होते, कोंबडी स्वस्त मिळायला लागली होती, आणि डॉक्टर लोक म्हणायला लागले होते की चरबीने हृदय बिघडतं. १९७७ साली त्यांच्या सिनेटच्या एका समितीने लोकांना सल्ला दिला की मांस कमी खा. झालं. गुरांचा धंदा करणारे सगळे तुटून पडले. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ‘मांस कमी खा’ हे वाक्य गेलं, आणि त्या जागी आलं की ज्याने शरीरात घातक चरबी कमी जाईल असं मांस, कोंबडी, मासे निवडा. बघा दोस्तहो. ‘कमी खा’चं झालं ‘निवडून खा’. पैशाची ताकद पहिल्यांदा टीव्हीवर नाही दिसली. ती सरकारी कागदावरच्या एका क्रियापदात दिसली.

मग १९८५ साली त्यांच्या संसदेने कायदा केला. जे जे गुरू विकलं जाईल त्याच्यामागे एक डॉलर कापायचा आणि त्या पैशातून बीफची जाहिरात नि संशोधन करायचं. आधी कुणी नको म्हटलं तर त्याला पैसे परत मिळायचे. १९८८ साली गुरं पाळणाऱ्यांचं मतदान झालं, बहुमत झालं, आणि वसुली सक्तीची झाली. अर्धा डॉलर राज्याच्या मंडळाला, अर्धा देशाच्या मंडळाला. दहा गुरं असलेल्याचा पण डॉलर, दहा हजार गुरं असलेल्याचा पण डॉलर.

ह्यातले काही जण कोर्टात गेले. म्हणाले, आमच्या पैशाने आमच्याच तोंडून तुम्ही हे काय वदवून घेताय? ही जाहिरात सगळ्या बीफला एकच म्हणते. आमच्या गुराची जात, आमची राखण, त्याला काही किंमतच नाही. २००५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की हे सरकारचं बोलणं आहे, आणि सरकार काय बोलतं ह्यावर पैसे देणाऱ्याला अडवणूक करता येत नाही. टीव्हीवर मात्र सरकारचं नाव नाही. तिथं नाव अमेरिकेच्या बीफ उत्पादकांचं. म्हणजे पैसा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची. हे ऐकल्यावर मला आपल्याकडच्या सभा आठवल्या. गर्दी आपली, भाषण त्यांचं, आणि खाली लिहिलेलं : समस्त दलित समाज.

ह्याच सरकारचं ते शेतीखातं १९८० पासून आरोग्यखात्याबरोबर लोकांना आहाराचे सल्ले पण छापत होतं, आणि पहिल्याच सल्ल्यात म्हणत होतं की फार चरबी खाऊ नका. एका हाताने चरबी आवर म्हणायचं, दुसऱ्या हाताने बीफच्या जाहिरातीवर देखरेख ठेवायची. गंमत म्हणजे खऱ्या माणसांच्या खऱ्या अन्नाची तारीफ करणारी शेफर्डबाई स्वतः लाल मांस टाळते असं छापून आलं, आणि गार्नरचं १९८८ साली हृदयाचं ऑपरेशन झालं. मी त्याच्या दुखण्यावर हसत नाही. दुखणं कुणालाही येतं. मुद्दा एवढाच की जाहिरातीतला खरा माणूस हा भाड्याचा असतो.

नटनटीचं जमलं नाही म्हणून १९९२ साली नवी जाहिरात आली. तिचा अर्थ : बीफ, रात्रीच्या जेवणाला हेच असतं. ह्यात चेहराच नाही. फक्त तव्यावर चरचरणारं मांस, रॉबर्ट मिचमचा खर्जातला आवाज, आणि मागे धावत सुटलेलं संगीत. पुढे सॅम इलियटचा आवाज आला, तोही तसलाच, काऊबॉयचा. घोड्यावर बसलेला, कमी बोलणारा, रांगडा मर्द. ह्या जाहिरातीत वाद नाही, दावा नाही. ‘चांगलं असतं’ असं सुद्धा म्हणत नाही. ‘हेच असतं’ म्हणते. ही सगळ्यात पक्की युक्ती. जे सांगितलं जातं त्याला माणूस उलट विचारू शकतो. जे गृहीत धरलं जातं त्याला काय विचारणार? आपल्याकडे मनुस्मृती किती जणांनी वाचली होती? गावातल्या कुठल्या पाटलाने वाचली होती? पण ‘असंच असतं’ हे सगळ्यांना पाठ होतं.

त्या संगीताची गोष्ट ऐका, कारण आपला मुद्दा इथंच फुटतो. ते संगीत आरन कोपलँड ह्या संगीतकाराचं, १९४२ सालच्या ‘रोडिओ’ नावाच्या नृत्यनाट्यातलं. कोपलँड काही काऊबॉय नव्हता. ज्यू आईबापांचा मुलगा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेला. १९५३ साली त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन त्याला मॅकार्थीच्या समितीपुढे उभं केलं होतं. आणि ती धून पण मुळात त्याची नव्हे. केंटकी राज्यातल्या सॅलियर्सव्हिल गावाकडचा विल्यम स्टेप नावाचा एक फिडलवाला होता. १९३७ साली लोकसंगीत गोळा करत फिरणाऱ्या अॅलन लोमॅक्सने त्याचं वादन मशीनवर घेतलं. ते पुढे पुस्तकात उतरलं, पुस्तकातून कोपलँडकडे गेलं, कोपलँडकडून बीफच्या जाहिरातीत. आज अमेरिकेत कितीतरी लोकांना ती धून कानावर पडली की मांस आठवतं. स्टेप कुणाला आठवतो?

हे आपल्याला नवीन आहे का? किती तमासगिरांच्या, वाघ्यामुरळ्यांच्या, जलशावाल्यांच्या चाली सिनेमात गेल्या, आणि त्यांची नावं कुठल्या पाटीवर आली?

काऊबॉयचं पण तसंच. जुन्या काळात टेक्सासकडून गुरांचे कळप हाकणाऱ्यांत काळे होते, मेक्सिकन होते. गुलामीतून सुटलेल्यांना मिळेल ते काम करावं लागायचं. ज्या कुरणांवर गुरं चरली ती आदिवासी टोळ्यांची जमीन होती. जाहिरातीतला काऊबॉय मात्र गोरा, एकटा, कुणाचं काही न घेतलेला. इतिहास धुऊन, वाळवून, इस्त्री करून पडद्यावर टाकलेला.

ह्याच्या आधी, १९८४ साली, एका हॅम्बर्गरवाल्या कंपनीची जाहिरात गाजली होती. वेंडीज हे तिचं नाव. एक म्हातारी बाई दुसऱ्या दुकानाचा भलामोठा पाव उघडते, आत एवढीशी मांसाची चकती बघते आणि ओरडते : बीफ कुठंय? क्लारा पेलर तिचं नाव, वयाची ऐंशी उलटलेली, आयुष्यभर लोकांची नखं साफ करून देण्याचं काम केलेली. तिचं वाक्य देशभर झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉल्टर माँडेलने गॅरी हार्टला निवडणुकीच्या वादविवादात हेच वाक्य हाणलं. अर्थ असा की तुझ्या बोलण्यात माल कुठंय? १९८५ साली क्लाराबाईंनी दुसऱ्या एका कंपनीच्या सॉसची जाहिरात केली, त्यात त्या म्हणाल्या की सापडलं एकदाचं. वेंडीजने त्यांना काढून टाकलं. ‘बीफ कुठंय’ हा प्रश्न राहिला, प्रश्न विचारणारी बाई गेली.

आता मी माझा प्रश्न विचारतो. बीफ कुठंय हे सगळ्यांनी विचारलं. ते कापणारा हात कुठंय हे जाहिरातीत कुणी विचारलं?

हे विचारायचा एक मोठा प्रयत्न झाला होता. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपात आली. शिकागोच्या कत्तलखान्यात राबणाऱ्या लिथुएनियाच्या एका कुटुंबाची गोष्ट. त्याने लिहिलं ते कामगारांसाठी. वाचणाऱ्यांनी वाचलं ते स्वतःच्या ताटासाठी. अरे बापरे, आमच्या मांसात घाण येते! त्याच वर्षी मांस तपासणीचा आणि अन्न-औषध शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. कामगाराच्या बोटांसाठी कायदा झाला नाही. सिंक्लेअरने पुढे खंत केली की नेम काळजावर धरला होता, लागला पोटाला. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. खाणाऱ्याला ताटाची काळजी असते. हाताची काळजी करायला त्याला कुणीतरी भाग पाडावं लागतं.

पुढे शिकागोत युनियन झाल्या, मजुरी चांगली झाली. मग कंपन्या शहर सोडून खेड्यांकडे गेल्या. आयबीपी नावाची कंपनी १९६० साली आयोवा राज्यात निघाली. तिने १९६७ पासून अख्खं धड पाठवायच्या ऐवजी कापून, पिशवीत बांधून, खोक्यात भरून मांस पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे गावोगावच्या तयार खाटकाची गरज कमी झाली. कत्तलखान्यात साखळीवर लटकत जनावर येतं, एका कामगाराने एकच काप मारायचा, दिवसभर तोच काप. मला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या खात्यात एक जण तुटलेला धागा जोडतो, एक जण भरलेल्या बॉबिन काढतो. पाळी संपते तेव्हा हात आपला राहत नाही, मशीनचा होतो. घरी भाकरी मोडताना पण बोटं धागा जोडल्यासारखी वळतात.

१९८२ साली नेब्रास्का राज्यात डकोटा सिटीला ह्याच आयबीपीच्या कामगारांनी संप केला. गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक आणले. १९८२! हे साल मुंबईच्या गिरणीवाल्यांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझा आजा त्यातला. गावाकडे परत आला तो परत गेलाच नाही. त्याला डकोटा सिटी हे नाव आयुष्यात माहीत नव्हतं, आणि तिथल्या कामगाराला लालबाग-परळ माहीत नव्हतं. पण दोघांच्या मालकांना एकच गोष्ट माहीत होती : माल दिसला पाहिजे, माणूस दिसता कामा नये.

ज्या काळात टीव्हीवर खऱ्या माणसांचं खरं अन्न चाललं होतं, त्याच काळात ते अन्न कापणाऱ्यांची मजुरी घसरत होती. मग कोण आले कामाला? मेक्सिकोचे, ग्वाटेमालाचे, पुढे सोमालियाचे, बर्माचे. घरदार सोडून आलेले, कागदपत्रांच्या भीतीने तोंड न उघडणारे. २००५ साली ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने मांस आणि कोंबडीच्या कारखान्यांवर अहवाल काढला आणि म्हटलं की इथल्या कामाच्या पद्धतीने माणसाच्या मूलभूत हक्कांचाच भंग होतोय. त्याच २००५ साली सुप्रीम कोर्टाने जाहिरातीच्या बाजूने निकाल दिला होता.

आणि मग २०२० चा कोरोना. कारखान्यांत माणसाला माणूस खेटून उभा, रोग वणव्यासारखा पसरला. काही कारखाने बंद पडले. २६ एप्रिल २०२० ला टायसन ह्या मोठ्या मांस कंपनीच्या अध्यक्षाने देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली की अन्नपुरवठ्याची साखळी तुटते आहे. दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्पनी हुकूम काढला की मांसाचे कारखाने चालू राहिले पाहिजेत. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने सांगितलं की पहिल्या वर्षभरात पाच मोठ्या कंपन्यांत मिळून निदान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ मेले. बीफ, डुक्कर, कोंबडी सगळं मिळून. आता सांगा, ते पानभर छापलेलं कशाची जाहिरात होती? मांसाची नव्हे. त्यात मांस विकत नव्हते. ‘ताट रिकामं राहील’ एवढी भीती छापली, आणि पुढचं सरकारने केलं.

तर जाहिरातीचं काम मला असं दिसतं. ती मांस विकत नाही, इभ्रत विकते. आणि इभ्रत विकायची म्हणजे हात झाकावा लागतो. कारण रक्ताने भरलेला, पट्ट्या बांधलेला, बिनकागदाचा हात दिसला तर ‘खरा माणूस’ ह्या शब्दाला ओशाळं व्हावं लागेल.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे बीफची जाहिरात नाही, बंदी आहे. महाराष्ट्रात गाय मारायला १९७६ च्या कायद्यापासून बंदी होती. २०१५ साली तिच्यात बैल आणि वळू पण आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस घरात असणं हा गुन्हा ठरवणारं कलम काढून टाकलं. म्हैस मात्र कायद्याबाहेर. म्हणून आज आपल्याकडे ‘मोठ्याचं’ म्हणून जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं.

आणि देशाचं काय? गाय-बैलाचं मांस परदेशी पाठवायला मनाई, म्हशीचं बिनहाडाचं मांस पाठवायला परवानगी. अमेरिकेचं शेतीखातं म्हशीचं मांस पण बीफमध्येच मोजतं, आणि त्या मोजणीत २०१४ च्या सुमारास आपला देश जगात पहिल्या नंबरला गेला होता. बंदरावर ते परकीय चलन, मोहल्ल्यात ते पाप. बंदरावर त्याच्यावर शिक्का बसतो, रस्त्यात ते नेणाऱ्यावर काठी बसते.

म्हणून मी म्हणतो की जाहिरात आणि बंदी ह्या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, पण हिशेब एकच. दोन्ही माणसाची किंमत त्याच्या ताटावरून ठरवतात. दोन्ही ताट आणि हात ह्यांची फारकत करतात. फरक एवढाच की जाहिरात हात झाकते आणि बंदी हात मोडते.

११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. त्यांनी गाय मारली नव्हती. गावाने शेकडो वर्षं त्यांच्याच माथी मारलेलं काम ते करत होते. पण पुढे जे झालं ते मला सगळ्या जाहिरातींपेक्षा मोठं वाटतं. सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. म्हणाले, तुमची माय आहे ना, तुम्हीच बघा आता. ही जाहिरातीची बरोबर उलटी बाजू आहे, दोस्तहो. जाहिरात काम झाकून ताट दाखवते. त्यांनी झाकलेलं काम उचलून सगळ्यांच्या दारात ठेवलं. वास सुटला तेव्हा कळलं की हा हात नसेल तर गावाचं काय होतं.

आता जरा टोचेल ते बोलतो. बंदीला उत्तर म्हणून आपल्यातलीच पोरं बीफची पोस्टरं करतात. मोबाईलवर ताटाचे फोटो, खाली ओळ की हे खातो म्हणून आम्ही वाघ, जे खात नाहीत ते शेळपट. मला त्यांचा राग समजतो. ज्या गोष्टीसाठी लाथा खाल्ल्या ती डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटतंच. २०१२ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोरांनी बीफ फेस्टिव्हल केला तेव्हा दगडफेक झाली. तरी ते मागे हटले नाहीत. त्यांनी हक्क सांगितला, उघड्यावर सांगितला, मी त्यांच्या बाजूने आहे. काय खायचं हे सांगणारा तू कोण, हे विचारलंच पाहिजे. पण हक्क सांगणं वेगळं आणि जाहिरात करणं वेगळं. ‘हे खाण्याचा मला हक्क आहे’ ह्यात न खाणाऱ्याचा पण हक्क येतो. ‘हे खातो तो खरा मर्द’ ह्यात गार्नरचं वाक्य येतं. ते वाक्य आपलं नाही. ते तिकडे भाड्याच्या माणसाकडून वदवून घेतलेलं आहे. आणि ताटावरून माणूस मोजायची ती तागडी तर इथल्या बामणी व्यवस्थेचीच. आपण फक्त पारडं बदलायचं आणि तागडी तीच ठेवायची का?

आणि त्या फोटोत रांधणारी कुठं असते? तिकडे जाहिरातीत आवाज पुरुषाचा, जेवण आपोआप आलेलं. इकडे आपल्या फोटोत पण ताट आपोआप आलेलं. चुलीपुढे डोळे पुसत बसलेली माय फोटोच्या चौकटीबाहेर. मग आपण पण हात झाकायला शिकलो की!

बाबासाहेबांनी काय केलं ते नीट बघा, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यांना अर्धंच सांगतात. मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं, शिळेपाके तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनीच मांडलं की एके काळी ब्राह्मणसुद्धा गोमांस खात होते, पुढे त्यांनी ते सोडलं, गाय पवित्र केली, आणि जे पराभूत, विखुरलेले लोक मेलेल्या गाईचं मांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले. एक जण म्हणतो, बघा, बाबासाहेब मांसाच्या विरुद्ध होते. दुसरा म्हणतो, बघा, बाबासाहेबांनी गोमांसाची वकिली केली. दोघंही हांडीत डोकावतात. बाबासाहेब हांडीत डोकावत नव्हते. ते विचारत होते की हे तुझ्या हांडीत कुणाच्या हुकमाने आलं? ढोर ओढायची मजुरी म्हणून मेलेलं मांस, ही मजुरी नव्हती, मजुरी बुडवायची रीत होती. ती रीत मोडा, असं मी महाडचा अर्थ लावतो. आणि १९४८ चा अर्थ असा की तुझ्या ताटातला दोष हा दोष नव्हताच, तो तुझ्यावर लिहिलेला निकाल होता. दोन्ही मिळून एकच शिकवण : ताटावरून माणूस मोजू नका, कोण कुणाकडून काय करून घेतो ते मोजा.

माझ्या आजीने चान्या वाळवल्या, खाल्ल्या, आम्हाला चारल्या. तिला एकदा विचारलं, आज्जे, तुला लाज वाटायची का? तिच्या बोलीत तिनं सांगितलं : “आरं, भूक लागली म्हनून खाल्लं. मिरवायला न्हाई खाल्लं, आन लाजायला बी न्हाई.” कुठल्या जाहिरातवाल्याला हे वाक्य लिहिता येणार नाही. कारण जाहिरातीत चव असते, भूक नसते. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ह्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं रांधणं लिहून काढलं. असं लिहिलं जातं तेव्हा पदार्थाबरोबर टंचाई येते, तेलाचा थेंब वाचवणारी बाई येते, वाट्यावरची भांडणं येतात. तिथं लाज जाते आणि मिजास पण येत नाही. हे काम आपलं आहे. चकचकीत फोटोचं काम बाजार करतोच आहे, त्याला आपली पोरं फुकट कशाला?

तेव्हा जिथं जिथं कुणी ‘खरा माणूस’ म्हणेल, टीव्हीवर म्हणो, देवळापुढे म्हणो, नाहीतर आपल्याच स्टेजवर म्हणो, तिथं उभं राहून विचारा : हे ओढलं कुणी, सोललं कुणी, कापलं कुणी, रांधलं कुणी, आणि त्यांना काय मिळालं? ह्या प्रश्नावर जाहिरातवाला पण गप्प होतो आणि बंदीवाला पण. कत्तलखान्यातला कुरेशी, कातड्यातला चांभार-ढोर, सूतगिरणीतला मी, आयोवातला तो सोमाली भाऊ, आम्ही सगळे ह्या प्रश्नाच्या एकाच बाजूला आहोत. आमच्यात कोण काय खातो ह्यावर आमचं भांडण लावून देणं सोपं आहे. त्याला बळी पडू नका.

बीफ खा, नाहीतर खाऊ नका. ती तुमची मर्जी, आणि त्या मर्जीसाठी लाठीपुढे उभं राहायची वेळ आली तर सगळे मिळून उभे राहू, खाणारे आणि न खाणारे. पण माणूसपण ताटातून घेऊ नका. ते आपल्या बापाने चवदार तळ्यावर मिळवून ठेवलंय, त्याला कुणाच्या जाहिरातीची गरज नाही.

जय भीम.